करण्यात येईल

पाने पंचवीस, वर एकही नाही.
अक्षराचा आकार अकरा, समास अडीच सेंटिमीटर.
दराचा आकडा या भागात चुकूनही दिसता कामा नये,
दिसला की निविदा बाद.
इस्मेनिया पुन्हा एकदा शोध लावून बघते : पेसो.
सापडत नाही. बरं.

चिलोएत ओहोटी लागलीय.
खिडकीखाली होड्या चिखलात कुशीवर पडल्यात,
शेगडीत ओलं लाकूड नुसतं धुमसतंय,
आणि ओयार्सो तिच्या खुर्चीमागे उभा राहून
थंड कॉफी फुंकून पितोय.

मुद्दा एक : कामाचे आकलन.
ती लिहिते, 'बेटावरील विद्यमान धक्का जीर्णावस्थेत असून...'
आणि थांबते.
जीर्णावस्था म्हणजे बेर्ता मिलालोन्को.
गेल्या जुलैत शेवाळावरून घसरली, बटाट्याच्या पोत्यासकट.
खुब्याचं हाड मोडलं.
बोट येईतो तीन तास दगडावर पडून
येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती,
पोतं भिजू देऊ नका रे.
हे कुठे घालू?
'तक्ता दोन,' ओयार्सो म्हणतो. 'अपघात, वार्षिक : एक.'

मुद्दा तीन, कार्यपद्धती.
भरती-ओहोटीत सहा मीटरचा फरक,
म्हणून 'कामाचे तास भरतीच्या कोष्टकाशी संलग्न ठेवण्यात येतील.'
संलग्न!
गुडघाभर गार चिखलात उभ्या माणसाला
संलग्न म्हणून बघा एकदा.
खुंट ठोकण्यात येतील. तपासण्यात येतील.
अहवाल सादर करण्यात येईल.
अख्ख्या प्रस्तावात कोणी हात हलवत नाही,
सगळं कुठूनसं येतं,
येत राहतं,
जसा धक्क्याला गाळ.

साडेबारा. प्रमुख कर्मचारी, रकाना सात.
एलेउतेरियो नावेलकिन बेटावरून फोनवर,
पाठीमागे मेंढ्या, वारा, कुणाची तरी करवत.
शिक्षण?
'चौथी. पुढे शाळेची बोटच बंद झाली.'
अनुभव, वर्षांत?
'कशाचा?'
खुंट ठोकण्याचा.
'ते कोण मोजतं, पोरी.'
मग जरा थांबून,
'तुझा नकाशा पोरांनी दाखवला मला.
उत्तरेकडून तिसरी रांग हलव.
तिथे चिखल नाही. खाली जुने खुंट आहेत,
माझ्या बापाने पुरलेले.
सिप्रेसचं लाकूड. किडा लागला नसेल.'

ती भूस्तर अहवाल उघडते.
दोन छिद्रं पाडली होती, दोन्ही दक्षिणेला.
आठ लाखांचा अहवाल
उत्तरेबद्दल मूग गिळून बसलाय.

आता नकाशा बदला, कोष्टक बदला, जोखमीचा परिच्छेद वाढवा.
पानं झाली सव्वीस.
काय काढायचं?
पान चार, 'आमची दूरदृष्टी',
ओयार्सोच्या फोटोसह, हेल्मेट घातलेला, बोट क्षितिजाकडे.
दोघंही ते पान जरा वेळ बघतात.
'काढ,' तो म्हणतो,
आणि कप धुवायला निघून जातो, धुतलेलाच कप.

दोन वाजून चाळीस. मुदत तीनला.
रकाना सात अजून कोरा.
'पदवी नाही' लिहिलं तर गुण शून्य,
'अनुभवसिद्ध' लिहिलं तर पुरावा जोडा.
पुरावा पाण्याखाली आहे, आणि पाणी चढतंय.
ती लिहिते : तळ माहीत आहे.

मग मुद्दा तीनवर परत येते,
एकच वाक्य उचलते, मोडते, उलटं बसवते :
'तिसरी रांग एलेउतेरियो नावेलकिन ठोकतील.'
पंचवीस पानांत हा एकच कर्ता.
परीक्षकाला खटकेल.
खटकू दे.

'वय लिहायचं का?' ओयार्सो दारातून विचारतो.
रकाना नाही वयाला.
'मग नको.'

फाइल चढतेय, एकोणचाळीस टक्के, एकोणचाळीसच.
ती शेवटचं एकदा शोधते : पेसो.
खाली होड्या एकेक करून सरळ होताहेत.